कोंबड्याच्या तुऱ्यापासून पन्नाशीतल्या उपचारापर्यंत

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही गावे पाऊण तासाच्या आत मागे पडतात. पण त्यांची वये फार वेगवेगळी आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारांच्या काळातले. उल्हासनगरला नाव मिळाले ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते. बदलापूरचे उंच इमले तर परवापरवाचे. या पट्ट्यात आज पन्नाशीला आलेली पिढी कारखान्यांच्या पाळ्यांत, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानांत आणि सकाळच्या गर्दीच्या गाडीत वाढली. इतर कुठल्याही गावाप्रमाणे याही पिढीत अशी माणसे आहेत, ज्यांना लहानपणापासून ठाऊक होते की आपल्याला जन्माने मिळालेली ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ ही ओळख आपली नाही. बोलायला जागा नव्हती. लग्न झाले, संसार झाला, आईवडिलांची आजारपणे निघाली. मुले मार्गी लागल्यावर त्यांतले कोणी दबक्या आवाजात डॉक्टरांना विचारते, आता हार्मोन सुरू करता येतील का? त्यावर आसपासची माणसे म्हणतात, हे नवे खूळ कुठून आले? त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण निदान पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ. या वाटेवरचे बरेचसे प्रवासी पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्याच्याही पुढचे होते, हे आपल्याला जागोजागी दिसेल.

रसायनशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी माणसाला एक गोष्ट अनुभवाने माहीत होती. खोंडाला खच्ची केले की त्याचा माज उतरतो, मान बारीक राहते आणि तो औताला शांतपणे चालतो, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. शरीराचा एक लहानसा अवयव साऱ्या देहाचा घाट आणि स्वभाव ठरवतो, हे ज्ञान गोठ्यातले आहे. आपल्याकडच्या हिजडा परंपरेनेही ते वापरले. गुरूच्या घराण्यात राहणारे काही चेले ‘निर्वाण’ घेत, म्हणजे पुरुषी अवयव काढून घेत; तो विधी धर्माचा होता, त्याचबरोबर देहाला आतल्या ओळखीकडे नेणारा होता. या समाजाला मराठेशाहीत काही ठिकाणी गावोगाव पैसा-धान्य मागण्याच्या हक्काच्या सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने ते हक्क मोडीत काढले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ‘जबर दुखापती’च्या व्याख्येत पहिलाच प्रकार पुरुषत्व नष्ट करण्याचा घातला गेला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने या लोकांची नोंदणी करून त्यांच्यावर पोलिसांचा पहारा बसवायची तरतूद केली. ज्या देशात या माणसांना वतनासारखा हक्क होता, तिथे ती एका पिढीत संशयित ठरली. डॉक्टरांच्या मनातली या विषयाची धास्ती पुढे दीडशे वर्षे टिकली, तिचे एक मूळ या कलमांत आहे, असे मला वाटते.

त्याच सुमारास, १८४९ साली, जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही, झुंजत नाही, हे सर्वांना माहीत होते. बेर्टोल्ड यांनी काढलेला वृषण पोटाच्या पोकळीत दुसऱ्याच जागी बसवला, तर तुरा पुन्हा लाल झाला आणि कोंबडा आरवू लागला. जुन्या मज्जातंतूंशी आता संबंध उरला नव्हता. म्हणजे जे काही घडत होते ते रक्तातून वाहणाऱ्या एखाद्या द्रव्यामुळे. हा निष्कर्ष क्रांतिकारक होता, पण कित्येक दशके त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्यानंतर जून १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार उभे राहिले आणि त्यांनी सांगितले, की कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला तरुणपणाची ताकद परत आली. त्या पाण्यातल्या अर्कात खरे द्रव्य जवळजवळ नव्हतेच, तो मनाचा खेळ होता, हे पुढे कळले. पण त्या दाव्याने जगभरच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. १९०५ साली लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ म्हटले. व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख यांनी नर गिनीपिगचे वृषण काढून त्याच्यात अंडाशय बसवले, तेव्हा त्या नराला स्तन वाढले. नर आणि मादी यांच्यातली भिंत निसर्गाने दगडाची बांधलेली नाही, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा प्रयोगाने दिसली.

श्टाइनाख यांची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने पसरली. वीर्यवाहिनी बांधली की म्हातारा पुन्हा तरणा होतो, असे ते सांगत, आणि त्यासाठी युरोपातले मोठमोठे लोक रांगेत उभे राहिले. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी, १९३४ साली कवी येट्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. हे आपण ध्यानात ठेवू. हार्मोनशास्त्राला पहिला पैसा आणि पहिली प्रसिद्धी मिळाली ती उतारवयातल्या पुरुषांच्या इच्छेपोटी. प्रौढ वयात देह बदलावा ही इच्छा तेव्हा कोणाला अनैसर्गिक वाटली नव्हती.

बर्लिनमध्ये जुलै १९१९ मध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. आजच्या भाषेत ज्यांना आपण ट्रान्स म्हणतो, त्यांना तिथे उपचार मिळत, कामही मिळे. डेन्मार्कच्या चित्रकार लिली एल्बे यांच्यावर १९३० साली जर्मनीत पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. त्यांच्या देहात अंडाशय बसवण्याचाही प्रयत्न झाला, बाटलीत भरलेले हार्मोन अजून सहज मिळत नव्हते. १९३१ च्या सप्टेंबरात ड्रेस्डेनमध्ये, त्याच उपचारांतल्या शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांचे निधन झाले. पुढच्या वीस वर्षांत गोळीच्या रूपाने जे सहज मिळू लागले, त्यासाठीही त्यांना चाकूखाली जावे लागले होते. त्याच १९३१ साली हिर्शफेल्ड जगप्रवासात भारतातही येऊन गेले. आपल्याकडे तेव्हा रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे पाचवे वर्ष लागले होते. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्वे यांनी लैंगिक प्रश्नांवर मराठीत, शास्त्राच्या आधाराने आणि खटले अंगावर घेत लिहिले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका होता असे म्हणणाऱ्यांनी ती पिवळी पडलेली पाने एकदा चाळावीत. बर्लिनची संस्था मात्र ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी लुटली आणि चारच दिवसांनी तिची पुस्तके चौकात जाळली. ते दृश्य हिर्शफेल्ड यांनी पॅरिसच्या चित्रपटगृहात बातमीपटात पाहिले. जी राख झाली तिच्यात कितीतरी माणसांच्या उपचारांचे कागद होते, आणि पुढच्या डॉक्टरांना पुष्कळ गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या.

पुस्तके जळत असताना रसायने मात्र हाती येत होती. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डोइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी, एकमेकांना न विचारता, इस्ट्रोन हे स्त्री-संप्रेरक वेगळे केले. १९३१ साली बुटेनांट यांनी पोलिसांकडून गोळा केलेल्या सुमारे १५,००० लिटर मूत्रातून काही मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन मिळवले. १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन काढले, आणि त्याच वर्षी बुटेनांट व लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत तोंडाने घेता येईल असे इथिनिल इस्ट्राडायॉल तयार झाले. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे आपल्या गल्लीत भेटणार आहे. १९४१ साली कॅनडात गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेली प्रिमॅरिनची गोळी आली. आणि रसेल मार्कर या हट्टी अमेरिकन रसायनतज्ज्ञाने मेक्सिकोच्या रानकंदातून प्रोजेस्टेरोन बनवण्याची रीत शोधल्यावर, सोन्याच्या भावाची ही द्रव्ये सामान्यांच्या आवाक्यात आली. यांपैकी एकही द्रव्य ट्रान्स माणसांसाठी शोधले गेले नव्हते. पाळी जाताना त्रास होणाऱ्या बाया, थकलेले पुरुष, मूल हवे असलेली आणि नको असलेली जोडपी यांच्यासाठी ती बनली. ट्रान्स माणसांनी ती दुसऱ्याच्या ताटातून उचलली.

सर्वांत आधी उचलणाऱ्यांपैकी एकाची कथा भारतात येऊन संपते, म्हणून तिच्याजवळ आपण जरा थांबू. मायकल डिलन यांचा जन्म १९१५ चा, इंग्लंडातल्या खानदानी घराण्यात, मुलगी म्हणून. १९३९ साली ब्रिस्टलचे डॉक्टर जॉर्ज फॉस स्त्रियांच्या अति रक्तस्रावावर टेस्टोस्टेरोन वापरून पाहत होते. डिलन त्यांच्याकडे गेले, आणि गोळ्या घेऊन परतले. आवाज फुटला, दाढी आली, आणि युद्धाच्या काळात एका गॅरेजमध्ये काम करणारा हा तरुण कुणाला वेगळा दिसेनासा झाला. १९४६ ते १९४९ या काळात सर हॅरल्ड गिलीस या शल्यविशारदाने त्यांच्यावर एकापाठोपाठ एक शस्त्रक्रिया केल्या. युद्धात चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांना गिलीस यांनीच नवे चेहरे दिले होते. १९४६ मध्येच डिलन यांचे ‘सेल्फ’ हे पुस्तक आले. मन बदलून देहाला जुळवता येत नसेल, तर देह मनाला जुळवून द्यावा, हा त्याचा आशय. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले आणि जहाजांवर नोकरी करू लागले. १९५८ साली वृत्तपत्रांनी त्यांचे गुपित फोडले. ते भारतात पळून आले, सारनाथला राहिले, बौद्ध झाले आणि लोबझांग जीवक हे नाव घेऊन लडाखच्या विहारात श्रामणेर म्हणून जगले. जीवक म्हणजे बुद्धांचा वैद्य. १९६२ च्या मे महिन्यात डलहौसीत ते वारले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, २०१७ साली छापले गेले. गिलीस यांचे काम पुरे होत होते त्याच १९४९ साली, सिंधमधून घर गमावून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या, म्हणजे आजच्या उल्हासनगरातल्या, बराकींत नवे आयुष्य उभारत होती. डिलनही एका अर्थाने निर्वासितच. त्यांना आसरा या देशाने दिला, ही गोष्ट आपण मराठीत फारशी सांगितलेली नाही.

१ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर क्रिस्टीन जोर्गेनसेन यांची बातमी छापली आणि हा विषय एका रात्रीत जगभर गेला. त्यांच्यावर कोपनहेगनमध्ये उपचार करणारे क्रिश्चियन हॅम्बर्गर हे हार्मोनतज्ज्ञ होते, ही बाब बातम्यांच्या गदारोळात मागे पडली. चाकूच्या आधी औषध आले होते. न्यूयॉर्कमध्ये हॅरी बेंजामिन नावाचे डॉक्टर होते, श्टाइनाख यांचे शिष्य, म्हाताऱ्यांना तरतरी आणण्याचा व्यवसाय करणारे. १९४८ च्या सुमारास त्यांच्याकडे ट्रान्स व्यक्ती येऊ लागल्या. वार्धक्यासाठी वापरलेली तीच औषधे त्यांनी या कामाला लावली, १९६६ साली या विषयावरचा पहिला मोठा वैद्यकीय ग्रंथ लिहिला, आणि स्वतः १०१ वर्षे जगले. त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांत जॅन मॉरिस होत्या. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी जगाला देणारा ‘टाइम्स’चा वार्ताहर जेम्स मॉरिस, तोच हा माणूस. लग्न झालेले, मुले असलेले. १९६४ साली सदतिशीत त्यांनी हार्मोन सुरू केले, १९७२ साली शस्त्रक्रिया करून घेतली आणि पत्नीबरोबरचे सहजीवन शेवटपर्यंत टिकवले. १९७९ साली बेंजामिन यांच्या नावाने संघटना झाली आणि उपचारांची पहिली लेखी मानके निघाली. त्यांची आठवी आवृत्ती २०२२ ची. मोठ्या माणसांसाठी वयाची वरची मर्यादा त्यांत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान दवाखान्याच्या दारातून आले नाही, ते मेडिकलच्या काउंटरवरून आले. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या स्वस्त होत्या, चिठ्ठी न मागता मिळत होत्या, आणि त्यांत बर्लिनचे ते इथिनिल इस्ट्राडायॉल होते. एकीने दुसरीला सांगितले, गुरूने चेल्याला सांगितले, आणि कितीतरी जणी दिवसाला तीन-तीन, चार-चार गोळ्या घेऊ लागल्या. या द्रव्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून आजची मानके ते देऊच नये असे सांगतात. तसेच, निर्वाण घेतल्यावर कुठलेच हार्मोन न घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, हेही कुणी सांगितले नाही. या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. दार बंद असेल तर माणूस खिडकीतून शिरतो.

ते दार उघडायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. मे २०१२ मध्ये स्वाती बिधान बरुआ या आसामी तरुणीच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान व्यक्तीला असे उपचार घेण्यापासून रोखणारा कायदा नाही. त्याच वर्षी ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत आले. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद झाली होती. पन्नाशीतला, मुलांबाळांचा संसारी माणूस त्या रकान्यात सापडणे कठीण, हे उघड आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला, की आपले लिंग ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. लक्ष्मी त्या खटल्यात पक्षकार होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या पंधराव्या कलमाने हार्मोनचे उपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशन ही सरकारची जबाबदारी ठरवली, आणि ओळखीचा दाखला देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. म्हणजे बदलापूरच्या माणसाचा कागद ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत जाऊ लागला. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या रोगसूचीत हा विषय मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला. त्याच वर्षी आयुष्मान भारतमधून ट्रान्स व्यक्तींना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा करार केंद्रात झाला.

तर आज पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याला नेमके काय मिळते? इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईची त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते, तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते आणि ती दोन-तीन वर्षे चालते. आवाज बदलत नाही, दाढी जात नाही; त्यासाठी आवाजाचा सराव आणि लेझर असे वेगळे उपाय करावे लागतात. टेस्टोस्टेरोन घेणाऱ्या पुरुषाचा आवाज काही महिन्यांत फुटतो आणि मग मागे फिरत नाही. पाळी चालू असेल तर थांबते. दाढी भरायला चार-पाच वर्षे लागतात. विशीतल्या देहाइतके बदल पन्नाशीत होतीलच असे नाही, आणि ते आधीच सांगणारा डॉक्टर खरा. पंचेचाळिशीनंतर गोळीपेक्षा त्वचेतून जाणारे इस्ट्रोजेन, म्हणजे जेल किंवा पट्टी, बरे मानले जाते, कारण गुठळीचा धोका कमी राहतो. सुरुवातीला रक्तदाब, साखर, चरबी, यकृत तपासतात. टेस्टोस्टेरोनवर असलेल्यांचे रक्त घट्ट होत नाही ना हे पाहतात. मुळात रक्तदाबासाठी आलेले स्पायरोनोलॅक्टोन पुरुषी हार्मोन रोखायला दिले असेल तर पोटॅशियम मोजतात. तंबाखू, बिडी, मिश्री सोडावी लागते. या वयात मधुमेह किंवा रक्तदाब असणे नेहमीचेच. तेवढ्याने उपचार नाकारला जात नाही, फक्त दोन्ही औषधे एकाच डॉक्टरच्या नजरेखाली असावी लागतात. घरात नवरा किंवा बायको असते, त्यांच्याही पायाखालची जमीन हलते. त्यांच्याशी बोलणारा समुपदेशक हा या उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

अशी सोय जवळच उभी राहिली होती. २०२१ साली हैदराबादेत अमेरिकी मदतीतून ‘मित्र’ हा ट्रान्स व्यक्तींचा दवाखाना निघाला, आणि पुढे पुण्यात व कल्याणलाही त्याच्या शाखा सुरू झाल्या. हार्मोनविषयीचा सल्ला, तपासण्या आणि मन हलके करायची जागा एका छपराखाली मिळत होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि हे दवाखाने बंद पडले. २०२३ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने बदलापूरहून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला तिथवर जायचे म्हणजे कामाचा दिवस बुडवायचा. परक्या देशाच्या मदतीवर चालणारा दवाखाना एका आदेशाने बंद होतो. कायद्याच्या कलमावर चालणारा तसा होत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अंतःस्रावतज्ज्ञ आणि समुपदेशक यांची ट्रान्स व्यक्तींसाठी बाह्यरुग्ण सेवा असावी, तिची वेळ फलकावर मराठीत, सिंधीत आणि हिंदीत लिहावी, आणि तिथे केसपेपर काढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला वय विचारावे ते फक्त औषधाची मात्रा ठरवण्यासाठी.